ह्यात जाऊ नये असं काय हाय?

दुकानाची पायरी कुणी लॅपटॉप घेऊन चढलं की आप्पा माणसाकडं बघायचे नाहीत, लॅपटॉपकडं बघायचे. मग हातातल्या स्टीलच्या ग्लासातलं उरलेलं पाणी रस्त्यावर फेकायचे, ग्लास शर्टाला कोरडा करायचे आणि म्हणायचे, "चालू करा." लॅपटॉप चालू झाला की ग्लासाचं तोंड त्याच्या पोटाला लावायचे आणि बुडाला स्वतःचा कान. डोळे मिटलेले, कपाळावर सकाळच्या विभूतीचे पट्टे घामानं अर्धे पुसलेले. गिऱ्हाईक नवं असलं तर ते घाबरून माझ्याकडं बघायचं. मी मान खाली घालून डबीतले स्क्रू निवडत बसायचे.

कान काढला की पुढचा सवाल ठरलेला. "ह्यात जाऊ नये असं काय हाय?"

लोकांना हा सवाल कळायचा नाही. लॅपटॉप स्लो झालाय, कुणीतरी सांगितलंय जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, तेवढ्यासाठी आलेली माणसं. पूर्णेला रेल्वेची माणसं लय. एक टीसी म्हणाले, "जाऊ नये असं काय असणार आप्पा, पिक्चर हायत."

"मग घ्या एसएसडी. पळवा."

एका नव्या लग्नाच्या पोरानं सांगितलं, लग्नाचा व्हिडिओ आहे. आप्पांनी लॅपटॉप त्याच्याकडं सरकवला. "बायकोला विचारून या." पोरगं खरंच घरी जाऊन आलं. म्हणालं, "ती म्हणती गेला तर गेला, त्यात माझी जाऊ लय भाव खायलीय." त्या दिवशी आप्पांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. त्यालाही एसएसडी दिली.

पण कुणी जरा थांबून "आईचे फोटो हायत," असं काही म्हणालं की आप्पा एसएसडीचं नाव काढू द्यायचे नाहीत. हार्ड डिस्कच घ्या. स्लो तर स्लो. गिऱ्हाईक वाद घालायचं, मोबाईलवर काढून दाखवायचं, की सगळं जग आता एसएसडी वापरतंय, पडली तरी तिला काय होत नाही. आप्पा ऐकून घ्यायचे आणि त्यांचं ठरलेलं सांगायचे.

"हार्ड डिस्क म्हणजे घरातलं म्हातारं माणूस. आधी खोकतं, कण्हतं, उठताना भिंत धरतं. आपल्याला समजतं, आता दिवस भरत आले. बोलायचं ते बोलून घेता येतं, घ्यायचं ते घेता येतं. एसएसडी म्हणजे जवान गडी. सकाळी भाकर खाऊन गेला अन् दुपारी निरोप. कोणची घ्यायची ते तुमी ठरवा."

एवढं ऐकून बहुतेक लोक हार्ड डिस्क घ्यायचे. काही उठून परभणीला जायचे. आप्पांना त्याचं काही नव्हतं.

त्यांच्या घरातलं कुणी असं दुपारी गेलं होतं का, हे मला माहीत नाही. लोक बोलायचे, कुणी भाऊ म्हणायचे, कुणी मुलगा. मी कधी विचारलं नाही. दुकानात कुणाचाच फोटो नव्हता. मागच्या खोलीत ते एकटे राहायचे, स्वतःच्या हातानं भाकरी थापायचे, आणि मला रोज विचारायचे, "माय, जेवलीस का?" मी जेवले म्हणाले तरी ताट वाढायचे.

मी त्यांच्याकडं आले ती झाडलोटीला. माझं गाव देवगाव फाट्याच्या पलीकडं. सातवीत शाळा सुटली, लवकरच लग्न झालं, आणि ते मोडल्यावर बहिणीकडं पूर्णेला येऊन पडले. मेव्हण्याच्या घरात किती दिवस बसून खाणार? एक दिवस दुकान झाडताना खाली पडलेला एक स्क्रू मी उचलून बरोबर त्याच्याच डबीत टाकला. आप्पांनी ते बघितलं. झाडू माझ्या हातातून काढून घेतला आणि त्या जागी बारका पेचकस दिला. मला कापरं भरलं. म्हणाले, "घाबरतीस ते चांगलं हाय. न घाबरणारी माणसं लय मोडतात."

त्या एका वाक्यावर मी आज दोन वेळचं खाते. भिणं हा माझ्यातला दोष आहे असं मला घरी, शाळेत, सासरी सगळीकडं सांगण्यात आलं होतं.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक लांब लोखंडी फळी होती. मेलेल्या हार्ड डिस्क त्या फळीवर उभ्या ठेवलेल्या असायच्या, एकीला एक टेकून. मी एकदा जागा होईना म्हणून त्या आडव्या रचायला लागले तर आप्पा ओरडले.

"झोपवू नको त्यांना!"

"का हो आप्पा?"

"आमच्या लिंगायतांत माणूस गेलं तर जाळत न्हाईत, झोपवत बी न्हाईत. बसवतात. मांडी घालून, हातात लिंग देऊन." गळ्यातल्या लिंगाला त्यांनी बोट लावलं. "ज्यानं कुणाचं काही सांभाळलं, त्याला बसता तर येऊ दे."

भंगारवाला दर महिन्याला यायचा, फळीकडं बघून जिभल्या चाटायचा आणि शिव्या खाऊन जायचा. सोमवारी आप्पा त्या फळीच्या कडेला विभूतीचं बोट ओढायचे. पाठीमागं लोक हसायचे. मीही सुरुवातीला हसले.

त्यांचा आणखी एक नियम होता. गिऱ्हाईकाचं सामान नव्या डिस्कवर उतरवलं की स्वतःकडं काही ठेवायचं नाही. "परक्याची लेकरंबाळं आपल्या घरात ठेवून घ्यायची न्हाईत," म्हणायचे. दुसरी कॉपी करून घ्या, पेन ड्राईव्ह आणा, असं प्रत्येकाला बजावायचे. पण आणायची ती त्यानं आणायची.

ताडकळसच्या पुढच्या एका वस्तीवरचे गुरुजी आले तो बाजाराचा दिवस होता. पन्नाशीचे, बारीक, शर्टाच्या खिशाला खडूचा डाग. लॅपटॉप त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणला होता. आप्पांनी ग्लास लावला आणि लगेच काढला. ग्लासाची गरजच नव्हती. मला इकडं बसूनही ऐकू येत होतं, कट्, कट्, आणि मधे थांबून पुन्हा कट्.

"ह्यात जाऊ नये असं काय हाय?"

गुरुजी म्हणाले, "पोरीचे धडे हायत."

शाळा बंद होत्या त्या काळात गुरुजींच्या मुलीनं, डीएड करत होती ती, पहिली-दुसरीच्या पोरांसाठी घरात फळा टांगून धडे घेतले होते आणि मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ केले होते. गणिताचे, वाचनाचे, गाण्यांचे. शाळा उघडल्या आणि त्याच पावसाळ्यात तापानं ती गेली. पुढं मोबाईलही फुटला. धडे तेवढे लॅपटॉपवर राहिले. गुरुजी रोज तो लॅपटॉप शाळेत नेऊन पोरांना एक धडा दाखवायचे. दरवर्षी नवी पोरं पहिलीत यायची आणि तिच्याकडून शिकायची.

"पोरं तिला बाई म्हणतात," गुरुजी म्हणाले. "बाई आज काय शिकवणार, असं विचारतात. ती न्हाई हे मी त्यांना सांगितलेलं न्हाई."

मी पाणी आणून दिलं.

"पुतण्या म्हणला एसएसडी टाका," गुरुजी पुढं म्हणाले. "चालू व्हायला लय वेळ लावतो हो आप्पा. पोरं लहान हायत, थांबत न्हाईत. बाई येईस्तोवर अर्धी उठून बाहेर पळतात."

"थांबतील. बाईसाठी थांबायला शिकू द्या त्यांना," आप्पा म्हणाले. "एसएसडी तुमच्यासाठी न्हाई. एखाद्या दिवशी उघडाल तर पाटी कोरी, अन् आधी ना ताप ना खोकला. चालंल का?"

ताप म्हटल्यावर गुरुजींचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. त्यांनी मान हलवली. हार्ड डिस्कच द्या म्हणाले.

"नेटवर तरी चढवून ठेवा एक," मी मधे बोलले.

"नको ताई. पोरीला चव्हाट्यावर मांडायचं न्हाई. कोण काय लिहितंय खाली."

त्या दिवशी आप्पांनी दुसऱ्या गिऱ्हाईकाला हात लावला नाही. कट्कट् करणाऱ्या डिस्कला ओला पंचा गुंडाळलेल्या ताटलीवर गार ठेवून, मधेमधे थांबवून, एकेक धडा त्यांनी नव्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतला. शेवटचा धडा आला आणि जुनी डिस्क दोनदा कण्हून गप्प झाली. आप्पा मला म्हणाले, "बघितलंस? सगळं देऊन गेली. ह्याला म्हणतात जाणं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. जुनी डिस्क त्यांनी गुरुजींना विचारून फळीवर बसवली. पेन ड्राईव्ह पुढच्या बाजाराला आणतो, असं गुरुजी म्हणाले. पुढच्या बाजाराला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही.

आले तेव्हा बाजार नव्हता, आडवार होता. लॅपटॉप टॉवेलात नव्हता, दोन्ही हातांवर होता. आप्पांनी ग्लास लावला. मग तो ग्लास त्यांनी इतका हळू खाली ठेवला, की काउंटरला लागल्याचा आवाजही झाला नाही.

"हे खोकणं न्हाई," म्हणाले. "आत ओरबाडलंय."

मग त्यांनी विचारलं जे आधी कधीच विचारलं नव्हतं. "गुरुजी, तुमी ह्याला शाळेत नेता कसं?"

"गाडीवर. पाठीवरच्या पिशवीत."

"बंद करून?"

"झाकण मिटवून. पुतण्यानं तसं करून दिलंय, मिटवलं तरी आत चालूच राहतं. म्हणजे शाळेत गेलं की झाकण उघडायचं, बाई हजर. पोरांना थांबायला लागत न्हाई."

आप्पा खुर्चीवर बसले. वस्तीकडचा तो रस्ता मी बघितलेला आहे. बैलगाडीच्या चाकोऱ्या, मधे ओढा, त्यावर टाकलेले पाईप. हार्ड डिस्कमधे चकती फिरत असते आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर सुई. फिरत असताना गाडीवर आपटली की सुई चकतीला खरवडते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. ती त्या रस्त्यावर रोज गेली असती तरी टिकली असती. शिवाय ती झटक्यात चालू होते, म्हणजे गुरुजींना झाकण मिटवून चालू ठेवायची गरजच पडली नसती. हे सगळं आप्पांना माझ्या आधी कळलं. मी बघत होते, त्यांच्या तोंडावर ते एकेक करून उतरत होतं.

गुरुजी म्हणाले, "आप्पा, तुमी म्हणला होता ही सांगून जाती."

आप्पांनी लॅपटॉपचं झाकण हातानं पुसलं.

गुरुजींच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सांगितलं असंल तिनं. मी गाडीवर होतो. गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं न्हाई."

दुकान पुढं दोन दिवस उघडलंच नाही. मी येऊन पायरीवर बसायचे. तिसऱ्या दिवशी आप्पा दार उघडून बाहेर आले, दाढी वाढलेली, कपाळ कोरडं. म्हणाले, "माय, हैदराबादला जायचं तुला." तिथं बंद पडलेल्या डिस्क उघडून आतलं काढणारा एक माणूस त्यांना माहीत होता. स्वतः जायची त्यांची हिंमत नव्हती, आणि पार्सलनं पाठवायची तर त्याहून नव्हती. "तू भितीस," म्हणाले. "म्हणून तूच ने."

दोन्ही डिस्क, ओरबाडलेली आणि फळीवर बसवलेली जुनी, त्यांनी पांढऱ्या कापडात वेगवेगळ्या बांधल्या. मला रेल्वेत बसवून दिलं. खिडकीतून हात घालून त्या माझ्या मांडीवर उभ्या केल्या. "बसवून ने. झोपवू नको."

मी परभणी जिल्ह्याच्या बाहेर कधी गेले नव्हते. गाडीत झोप येऊ नये म्हणून मी दातांत ओढणी धरली होती. समोरच्या बाईनं विचारलं, कुणाचं अस्थिविसर्जन आहे का. मला नाही म्हणता येईना.

हैदराबादच्या त्या भाईंनी कापड सोडलं आणि हसले. "क्या अम्मा, मूर्ती लेको आए क्या? पूरे रास्ते बिठा को लाए?" मी म्हणाले, हो. मग ते हसले नाहीत. ओरबाडलेली डिस्क उघडून त्यांनी मला दाखवली. आरशासारख्या चकतीवर गोल गोल राख. "इसमें कुछ नहीं बचा. पाउडर हो गया." जुनीतून थोडं निघेल, पण तिची सुई बदलायला तिच्याच जातीची, जवळपास त्याच वेळी बनलेली दुसरी डिस्क लागेल, आणि एवढी जुनी आता बाजारात मिळत नाही.

मी आप्पांना फोन लावला. पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग फळीवरचा लोखंडाचा खणखणाट. बराच वेळ. मग आप्पा म्हणाले, "हाय. बसलीय इथं एक." रेल्वेतल्या ओळखीच्या गार्डाच्या हाती ती दुसऱ्या गाडीनं आली. कापडावर विभूतीचं बोट होतं.

एवढं करूनही निघालं ते थोडंच. फाईलींची नावं सगळी आली, आत मात्र बहुतेक काही नव्हतं. एकच धडा उघडला. तोही अर्धा. चित्र हिरव्या चौकोनांत फाटलेलं, त्यात एक हात आणि फळ्याचा कोपरा. आवाज तेवढा साफ. त्या मुलीचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पूर्णेत धडे उतरवून घेताना आप्पांनी आवाज बंद ठेवला होता, परक्याच्या पोरीचं आपण का ऐकायचं म्हणून.

भाईंनी मला परतीच्या गाडीला जाऊ दिलं, पण म्हणाले, काम पाहिजे असेल तर ये, असे हात मला पाहिजेत. आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "जा. इथं माझ्यापाशी राहून तू माझ्याच चुका शिकशील." मी रडले तर रागावले. पेचकस मात्र बरोबर दिला, तोच, झाडूच्या जागी दिलेला. आज हैदराबादेत मी ज्या टेबलावर बसते त्यावर तो आहे. कधीकधी वाटतं, गुरुजींचं गेलं म्हणून माझं झालं. असा विचार आला की मी जे काम हातात असेल ते पहिल्यापासून पुन्हा तपासते. लॅपटॉपचा दिवा विझलाय ना हे बघितल्याशिवाय पिशवीत घालत नाही, आणि विझलेला असला तरी एकदा उघडून बघते.

मागच्या दिवाळीला पूर्णेला गेले होते. दुकानात आता एसएसडीच. एक पोरगं लॅपटॉप घेऊन आलं, तर आप्पांनी जाऊ नये असं काय आहे ते विचारलं नाही. "गाडीवर नेतोस का हातात?" एवढंच विचारलं, आणि उत्तर यायच्या आधी एसएसडीचा डबा काढला. मागची फळी रिकामी होती. मी तिकडं बघितलं तसं म्हणाले, "भंगारात दिल्या. मीच." आप्पा थकले होते. ताट मात्र वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेले तर पायरीवर एक गिऱ्हाईक आधीच थांबलेलं होतं. आप्पा आत काउंटरवर स्वतःच्या लॅपटॉपपुढं बसले होते. त्याला वायरनं एक बारकी एसएसडी जोडलेली होती.

"गुरुजींनी आणून दिली," मला म्हणाले. "त्यांच्यापाशी एक हाय. म्हणले, एक तुमच्याकडं राहू द्या आप्पा." थांबून म्हणाले, "नको म्हणायला मला तोंड होतं का?"

गुरुजी आता वर्गात तो उरलेला अर्धा धडा दाखवत नाहीत. पोरं विचारायला लागली, बाईला काय झालं, अशा तुकड्या तुकड्यांत का दिसतात. गुरुजी स्वतःच शिकवतात.

आप्पांनी ग्लासातलं पाणी रस्त्यावर फेकलं, ग्लास शर्टाला पुसला आणि त्या एसएसडीला लावला. कान टेकवला. एसएसडीला आवाज नसतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. तरी थोडा वेळ तसेच राहिले. मग ग्लास बाजूला ठेवला आणि म्हणाले, "काय कळत न्हाई. म्हणून रोज लावून बघावं लागतं." त्यांनी धडा लावला.

हिरवे चौकोन आले. त्यांच्यामागून ती बोलायला लागली, घाईत नाही, पोरांना समजेल असं. बेचाळीस चिंचोके आहेत, त्यातले सतरा काढायचे आहेत. "आता दोनातून सात जातात का? नाही जात. मग काय करायचं? सांगा बरं."

पोरांना उत्तर द्यायला तिनं प्रत्येक सवालानंतर जागा सोडलेली होती. फाईलीचा पुढचा भाग गेलेला आहे. ह्या जागेशीच धडा संपतो.

पायरीवरचं गिऱ्हाईक आत डोकावत होतं. आप्पांनी त्याच्याकडं बघितलं नाही. पाठ सरळ केली आणि वर्गात उभं राहून म्हणावं तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "दशकाच्या घरातून एक घ्यायचा, बाई."

मग लॅपटॉप बंद केला. कडेचा बारका दिवा विझेपर्यंत हात मांडीवर ठेवून थांबले, आणि विझल्यावर झाकण मिटवलं.